जुन्या लुगड्याचं ऑनलाइन दुकान

फुकट शिकवतेत म्हनल्यावर मले पयलेच शंका आली.

अंगनवाडीच्या बाई घरोघर सांगत फिरून राहिल्या होत्या, तालुक्याले, गोरेगावले, बायकांचा क्लास लागला हाये, मोबाइलवर धंदा कसा कराचा, ऑनलाइन बाजार कसा चालते, दुकान कसं खोलाचं, गिऱ्हाईक कुठून येते, सगळं शिकवतेत अन् फी काहीच नाही, वरून दुपारचा चहाबी भेटते. बाकीच्या बाया चहा आयकूनच खुश झाल्या. मी तिथंच अटकली. फुकट कोनी कोनाले काऊन शिकवल? मी नववीत शाळा सोडली तवा एकबी मास्तर घरी विचाराले आला नाही, अन् आता शहरातल्या मॅडम मले शोधत येऊन राहिल्या, म्हंजे माह्यापाशी असं काहीतरी असन जे त्यायले पायजे. माह्यापाशी होतं काय? आधार कार्ड, बँकेचं खातं अन् अंगठा.

मले भेव होतं ते उगाच नव्हतं. नाल्याच्या पलीकडच्या गावात माह्याच वयाची एक बाई होती. तिच्या घरी एक सर आले होते, पांढरा शर्ट, खिशाले पेन, ‘घरबसल्या ऑनलाइन काम’ म्हने. त्यायनं तिच्या नावानं खातं खोलून देलं, सिम घेऊन देलं, अन् पासबुक, कार्ड, सिम सगळं स्वतःपाशीच ठेवलं. तुले काहीच कराचं नाही, म्हने, फक्त सही कर. तिनं केली. तिच्या खात्यातून लोकायचे लुटलेले पैसे जाऊन राहिले होते हे तिले काय मालूम. पोलीस दुसऱ्या राज्यातून आले, जीपमधी बसवून घेऊन गेले. लेकरू अंगावर पेत होतं. ते लेकरू मी बोरिंगवर पाहिलं होतं, आजीच्या कडेवर, आजीचा पदर चोखून राहिलं होतं अन् पदरातून काही निघत नव्हतं म्हनून पुन्हा रडून राहिलं होतं. ती बाई मंग सुटून आली म्हनतेत, पन मी तिले पाहिली नाही. ते लेकरू मात्र पाहिलं. माही पोरगीबी अंगावरचीच होती. तवापासून कोनी ऑनलाइन म्हनलं की माहा हात पयले पोरीकडे जाये.

मंग क्लासले गेली काऊन? तेबी पोरीपायीच. त्या साली धानाच्या रोवन्याले गेली तवा पोरीले धुऱ्यावर, बांधाच्या कडेले बसवून मी पान्यानं भरलेल्या बांधीत उतरली होती. परा म्हंजे धानाची रोपं, ती लावता लावता वाकलेली, पाठ वर करून पाहाले सवड नाही, अन् पोरगी सरकत सरकत धुऱ्यावरून घसरली अन् चिखलात उलटी पडली. सासूनं तिची तंगडी धरून वर काढली. तोंड सगळं चिखलानं भरलं होतं, पयले त रडलीच नाही, मंग रडली तवा माहा जीव खाली आला. त्या दिवशी ठरवलं की पोरीले मांडीवर घेऊन करता येइल असंच काम कराचं. माहा नवरा ट्रक चालवते, रायपूर रोडनं येनं-जानं, सडक अर्जुनीच्या ढाब्यावर थांबला की फोन करते. त्याले विचारलं त तो म्हने, जाऊन पाय, पन सही करू नोको. सासू म्हने, चहा प्याले हरकत नाही.

क्लास गोरेगावले बाजाराच्या बाजूच्या एका हालमधी भरे. मॅडम गोंदियाच्या, बोलनं सगळं हिंदीत, मधात मधात मराठी. बाई वाईट नव्हती. माही पोरगी रडे त शिकवता शिकवताच तिले उचलून घे. तेबी मले आवडत नव्हतं. कोनाच्या लेकरावर इतका जीव काऊन लावा लागते?

मी दाराजवळच बसे. एक त पोरीले बाहेर नेता येये, दुसरं म्हंजे पळता येये. फोन माहा जुना, नवऱ्यानं वापरून देलेला, त्याच्या समोरच्या कॅमेऱ्यावर मी टिकली चिकटवली होती, कोनी तिकडून पाहून राहिलं असन त पाहाले नोको. बाजूच्या बाईनं ते पाहिलं अन् सगळ्या क्लासले सांगतलं.

“हिले त आपल्या सावलीवरबी केस कराची हाये,” ती म्हने. सगळ्या हासल्या. मीबी हासली, पन टिकली काढली नाही.

शिकवनं मात्र मले समजून राहिलं होतं, हेच माह्या मनाले वेगळं भेव होतं. शाळेत काही समजे नाही त मन शांत राहे. इथं समजे अन् मंग घरी जाताना एसटीत डोक्सं फिरे. मॅडमनं पयल्याच दिवशी विचारलं होतं की तुमच्या आठवडी बाजारात बैठकी, म्हंजे जागेचे पैसे, कोन घेते. ठेकेदार, आमी म्हनलं. त्याच्यापाशी विकाले काय रायते? काहीच नाही, पावतीबुक रायते, एक बुढी मागून म्हने. मॅडम म्हने, बस, ऑनलाइन बाजार तोच ठेकेदार. त्याचा स्वतःचा माल नाही, कांदा नाही, मिरची नाही, तो जागा देते अन् विकलं की आपला हिस्सा कापून घेते. फरक इतकाच की इथं विकाले बसनारे देशभरातले अन् घेनारेबी देशभरातले.

मी इचारलं, “मॅडम जी, आमचा ठेकेदार मले गिऱ्हाइकाचं तोंड त पाहू देते. इथं गिऱ्हाइकाले मी दिसत नाही, मले गिऱ्हाईक दिसत नाही, अन् त्याले दोघंबी दिसतेत. हे कसं?”

“ये सवाल अच्छा है,” मॅडम म्हने, अन् उत्तर न देताच पुढं गेल्या. आता सांगा, शंका येइल की नाही?

हळूहळू सगळं आलं. रेटिंग म्हंजे गिऱ्हाइकानं देलेले तारे, ते खरेबी रायतेत अन् आपसात एकमेकीले देल्यावर खोटेबी रायतेत. लोकायनं एक वस्तू पाहिली की त्यायले तशाच वस्तू पुन्हापुन्हा दाखवतेत, ते काऊन, हेबी शिकवलं. मी घरी येऊन सासूले सांगतलं की आपन काय पायतो ते कोनीतरी पाहून राहिलं हाये. सासू म्हने, मंग चांगलं पाय.

केवायसीच्या दिवशी माह्याने राहवलं नाही. केवायसी म्हंजे दुकान खरंच ह्याच बाईचं हाये का ते तपासनं. त्यासाठी मोबाइलसमोर तोंड धराचं, डावीकडे पाहाचं, उजवीकडे पाहाचं, डोळे मिचकवाचे. टिकली काढा लागली. मी मॅडमले म्हनलं की पासबुक देनार नाही, सिम देनार नाही, फोनवर ओटीपीचा नंबर आला त तो तोंडानं सांगनार नाही, मीच दाबीन. मॅडम म्हने, अगं, तेच त बरोबर हाये. मले वाटलं होतं का त्या रागावतीन. रागावल्या नाहीत त अजूनच संशय आला.

विकाचं काय, ह्यावर बायांची मोठी चर्चा झाली. कोनी मोहाचे लाडू, कोनी लोनचं, कोनी बांबूच्या टोपल्या. मी लेकराची गोधडी म्हनलं. कारन ती मले येते अन् पोरीले मांडीवर घेऊन शिवता येते. माह्या सासूच्या हातच्या गोधड्या चार गावात जातेत. कोनाच्या सुनेले दिवस गेले की सासूकडे निरोप येते. आमच्याकडे जन्मलेल्या लेकराले नवं कापड लावत नाहीत. नव्यात खळ रायते, रंग रायते, टोचते. लेकराले पयले जुनंच लागते, अन् तेबी कोनाचंही नाही. जिनं लेकरं वाढवली, नातवंडं पाहिली, अशा म्हाताऱ्या बाईचं, खूप पान्यातून निघालेलं, हाताले लोन्यासारखं लागनारं लुगडं. तिचं आयुष्य लेकराले लागते म्हनतेत. लोकं सासूचं लुगडं मागाले येतेत, अन् ती पयले विचारते, कोनासाठी, कितवं लेकरू, मंगच देते. नव्या कापडाची गोधडी आनली त लोकं म्हनतीन, घरात एक म्हातारी नव्हती का.

तशी गोधडी मी शिवली. सासूची दोन लुगडी, चांगला भाग वर अन् विटका, रफूचा आत, मधात एक जुनी चादर, वरून बारीक टाके. मॅडमनं दरवाजात उजेडात तिचा फोटो काढला. मंग फोनवर एक खाना आला, वस्तू नवी की वापरलेली. मी मॅडमले इचारलं कोन्ता भरू.

“तूने अभी बनाई ना? तो नई,” म्हने.

बरोबरच वाटलं मले. गोधडी नवीच होती, कालच शिवून झाली होती. जुन्या लुगड्याची हाये हे लिहा लागते, हे मले सुचलंच नाही. लेकराची गोधडी जुन्या लुगड्याचीच रायते. पान्याच्या घड्यावर कोनी ‘आतमधी पानी हाये’ लिहिते का?

ऑर्डर आली तवा मी पयले मानलीच नाही. दूर शहरातली होती, नाव अर्धंच दिसे, नंबर दिसे नाही. मी मॅडमले दहादा इचारलं, हे खरं गिऱ्हाईक हाये ना, तुमीच त नाही ना घेतली मले खुश कराले? त्या हासल्या. पार्सल घ्याले पोट्टा आला, चिकटपट्टी लावून घेऊन गेला. सासू दूरवर पायत राहिली, जशी घरातली पोरगी सासरी जाऊन राहिली.

मंग बऱ्याच दिवसानं फोनवर लाल रंगात काहीतरी आलं. इंग्रजीत. मले अक्षरं येतेत, जोडून वाचता येते, पन अर्थ लागत नाही. एक शब्द मी बोट ठेवून वाचला. फ्रॉड. तो शब्द मले येत होता. नाल्यापलीकडच्या बाईच्या वेळेस सगळ्या गावाले तो आला होता.

पोरीले कडेवर घेऊन मी चालतच गोरेगावले निघाली, एसटीची वाट पाहासाठी पाय थांबेचना. बाजारातल्या, इंग्रजी येनाऱ्या झेरॉक्सवाल्यानं फोन घेतला, वाचला, मंग माह्याकडे पाहिलं अन् खुर्ची जराक मागे घेतली. त्याचं ते मागे सरकनं मले आजबी दिसते. म्हने, बाई, तुमी नवं सांगून वापरलेलं विकलं असं गिऱ्हाइकानं लिहिलं हाये, तुमचं दुकान बंद केलं हाये, फसवनुकीची तपासनी होइल, तुमाले व्हिडिओवर बोलवतीन. खाली फोटो होता. माही गोधडी होती. एका बाजूनं पोट फाडलं होतं अन् आतलं सासूचं विटकं लुगडं, त्याच्यावरचं रफू, सगळं जवळून काढलं होतं. कोनीतरी ब्लेडनं चिरली, मी म्हनलं मनात. माह्या सासूच्या अंगावरचं लुगडं कोनीतरी चिरलं, अन् चोर मी.

“पोलीस येतीन का?” मी इचारलं.

“ते मले काय मालूम,” झेरॉक्सवाला म्हने. पैसेबी घेतले नाहीत त्यानं. लवकर जाव म्हनून असन.

घरी येऊन मी फोन बंद केला अन् तांदळाच्या डब्यात खुपसला. नवऱ्यानं शेजारच्या घरी फोन केला तवा त्याले सांगतलं. तो म्हने, सिम तोड, नाल्यात फेक, दुकान-फिकान काही नाही आपलं, पोरीकडे पाय. तो रागानं नाही बोलला, भेवानंच बोलला, हे मले समजलं. पन सिम तोडलं त मी पळाली असं होइल, अन् पळते तोच चोर रायते. दोन दिवस मी पोरीले अंगावरून सोडलीच नाही. रस्त्यावर कोनतीबी गाडी वाजली की उठून दारामागे. मी पोरीले वाटीनं दूध प्याले शिकवाले लागली. चमच्यानं नाही, वाटीनं, म्हंजे कोनाच्याबी हातानं पेइल. ती वाटी ढकलून देये अन् माह्या छातीले भिडे. सासूनं ते पाहिलं अन् तिले समजलं मी काय करून राहिली ते. फोन डब्यातून काढला, पदरानं पुसला, माह्या हातात देला.

“मॅडमकडे जा,” म्हने. “लुगडं माहं हाये. चोरीचं नाही.”

मॅडमनं सगळं वाचलं. दार लोटून घेतलं. मले म्हने, डरो मत, व्हिडिओ कॉल येइल, तू म्हन की कपडा नवा हाये, रंगच फिका घेतला, आजकाल तशी डिझाइन रायते, गिऱ्हाईक खोटं बोलून राहिलं. बस. रफू दिसते त म्हन ते डिझाइन हाये.

मी म्हनलं, पन जुना हाये ना.

“अरे बहन, समझ. तेरा दुकान बंद हुआ तो ऊपर मेरे को जवाब देना पड़ता है. मले इतकी दुकानं चालू दाखवा लागतेत, तवाच हा क्लास पुढं चालते, तवाच माही नोकरी.”

खरं सांगू, मले त्या क्षनी बरं वाटलं. इतके दिवस फुकटाचं कारन शोधून राहिली होती, ते सापडलं. चालू दुकान मोजून मॅडमची नोकरी होती. ती काही माहं लेकरू न्याले आली नव्हती, माहं खातं भाड्यानं घ्याले आली नव्हती. माह्या दुकानावर तिचं पोट होतं, जसं माहं होतं. पन कारन सापडलं म्हनून तिचं आयकाव असं नव्हतं. नाल्यापलीकडच्या बाईनंबी सरांनी सांगतलं तेच केलं होतं. तिलेबी म्हनलं होतं, बस इतकंच म्हन. मले खरं बोलाचं होतं ते मी मोठी खरी बाई म्हनून नाही. भेवानं. आता खोटं बोलली अन् मंग धरली गेली त मंग खरंच फ्रॉड, मंग कोनी काय म्हनलं त माह्यापाशी उत्तर नाही. जुनं लुगडं हे त उत्तर होतं माह्यापाशी.

मॅडमले मी हो म्हनलं नाही, नाही म्हनलं नाही. घरी निघून आली.

व्हिडिओ कॉल दुपारी आला. आमच्याकडे नेटवर्क आंगनाच्या एका कोपऱ्यातच पकडते, गोठ्याजवळ, तिथं मी पोरीले घेऊन बसली. पलीकडे त्या ऑनलाइन बाजारवाल्यायची एक पोरगी होती, कानाले ते लावलेलं, मागे भिंत. माह्यापेक्षा लहानच असन. तिनं पयले माहं तोंड पाहिलं, आधारशी जुळवलं, डोळे मिचकवा म्हने. मी मिचकवले. पोरीनंबी मिचकवले, तिले खेळ वाटला. ती पोरगी हासली नाही.

“कपड़ा नया है या पुराना?” तिनं विचारलं.

“पुराना है,” मी म्हनलं.

“आपने नया लिखा था.”

“गोधडी नवी हाये. कपडा जुना हाये. मुद्दाम जुना.”

“मतलब आपने जान-बूझकर पुराना कपड़ा डाला?”

अन् तिचे हात खाली चालून राहिले होते, लिहून राहिली होती. जान-बूझकर हा शब्द मले मालूम होता, पोलीस वापरतेत तो. मी हाव म्हनलं. मंग जे सुटलं ते सुटलं, माह्याने थांबवलंच नाही गेलं, हिंदी मराठी सगळं एक करून सांगतलं, की नव्या लेकराले नवं टोचते, की जुनं लुगडं धुऊन धुऊन मऊ झालं रायते, की आमच्याकडे नवं लावनं चांगलं नसते, की मी तीन उन्हं दाखवली, की चादरबी उकळून घेतली, की रफू सासूच्याच हातचं हाये, की चोरीचं नाही, की माही पोरगी त्याच लुगड्यात वाढली, हे पाय. अन् पोरीले समोर धरली.

सासू गोठ्यापाशी उभी होती, ती आयकत आयकत जवळ आली अन् फोनमधी वाकली.

“अवं पोरी, तू जन्मली तवा तुले कशात गुंडाळलं होतं? आपल्या मायले विचार.”

“माँजी, ये कॉल रिकॉर्ड होता है,” ती म्हने.

“होऊ दे रेकॉर्ड. लुगडं माहं हाये म्हनून लिही.”

ती पोरगी खाली लिहत राहिली. मंग वाचून दाखवल्यासारखं म्हने, की फसवाचा इरादा दिसत नाही असं ती लिहते, गिऱ्हाइकाले पैसे परत, गोधडी तुमच्याकडे वापस येइल. दुकान चालू राहील. पन लेकरायच्या मालात जुनं कापड विकताच येत नाही, वापरलेलं लिहूनबी नाही, तसा नियमच हाये. गोधडी दुकानातून काढून टाकली हाये.

मी विचारलं, “पुलिस आएगा क्या?”

“पुलिस क्यों आएगी?” ती म्हने.

मले ते आवडलं नाही. नाही येनार असं म्हनाले काय जाते? तिनं उलटा सवाल केला. मी म्हनलं, तुमचं नाव सांगा, कोनी आलं त मी सांगीन की तुमी असं म्हनल्या. ती म्हने, नाव सांगाची परवानगी नाही. अन् कॉल बंद झाला. म्हंजे मी चोर नाही हे जिनं सांगतलं तिले नाव नव्हतं. सासू म्हने, झालं ना आता, चल. मले काही झालं असं वाटलं नाही.

मॅडमले कळवलं त त्या म्हने, दुकान चालू हाये ना, बस, आता नव्या कापडाची टाक. मी टाकीन म्हनलं. बाजारातून नवं कापड आनलं, ते अजून घडीतच पडलं होतं.

धान पिवळं पडाले लागलं होतं तवा एक दिवस मोटरसायकल आमच्या घराकडे वळली. दारातून मी पाहिलं, मानूस नवा, अंगात खाकीसारखा शर्ट, खांद्याले बॅग, हातात काहीतरी यंत्र. त्यानं शेजारी माहं नाव विचारलं. पूर्न नाव, बापाच्या नावासकट. मी पोरीले उचललं अन् मागच्या दारानं निघाली. चप्पल नाही, काही नाही. धुऱ्यावरून पळत बांधीच्या पार पलीकडे गेली अन् धानात खाली बसली. पोरीचं तोंड छातीले लावलं, म्हंजे आवाज नोको. ती पेत राहिली. माहा श्वास इतका चालू होता की तिचं डोकं हालून राहिलं होतं.

सासू ओरडून राहिली होती. पयले मले आयकू येये नाही, मंग आलं, ती माह्या नावानं हाक मारत नव्हती, नंबर, नंबर म्हनून राहिली होती. मी मान वर करून पाहिलं. तो मानूस आंगनात बसला होता अन् सासूनं त्याले पानी देलं होतं. पोलिसाले कोनी असं बसवून पानी देत नाही, उभ्यानंच रायते तो. मी धुऱ्यावरून हळूहळू आली. दूर उभी राहिली.

“काय पायजे?” मी विचारलं.

“वापसी पार्सल हाये बाई. तुमच्या फोनवर नंबर आला असन, तो सांगा, मंग देतो.”

“पयले खोलून दाखव.”

“नियम नाही तसा. पयले नंबर.”

“मंग वापस घेऊन जा.”

तो सासूकडे पाहाले लागला. “आपलाच माल घ्याले एवढं भेता काऊन हो,” म्हने, “मी काय चोर हाये?”

अक्षरशः तेच मी त्या व्हिडिओवरच्या पोरीले इतके दिवस म्हनून राहिली होती मनात. पोरीले सासूकडे देलं, फोन काढला अन् नंबर मीच त्याच्या यंत्रावर दाबला, तोंडानं सांगतला नाही. त्यानं पार्सल ठेवलं अन् पानी पिऊन गेला. मोटरसायकल वळनावरून दिसेनाशी होये तोवर मी पायत राहिली.

मंग गोधडी काढली. चिरलेली बाजू पयले वर केली. ब्लेडचा घाव कुठंच नव्हता. एकेक टाका उसवलेला होता, माहाच टाका, सुईच्या टोकानं हळूहळू उचलून, कापडाले कुठं इजा नाही, रफूले हात लागलेला नाही, अन् उसवलेला धागा गुंडाळून आतच ठेवला होता. इतकं सावकाश कोन उसवते? पाळन्यापाशी बसलेली, जिले त्याच्यावर आपलं लेकरू निजवाचं हाये अन् आत काय हाये ते पाहिल्याशिवाय निजवाचं नाही, तीच बाई. तिले माहं तोंड दिसत नव्हतं, मले तिचं. मीबी तेच केलं असतं. उसवलं असतं, आतलं जुनं विटकं पाहिलं असतं, अन् नवं लिहून जुनं पाठवनाऱ्या बाईले चोरच म्हनलं असतं.

सासूनं सुई-दोरा आनला अन् म्हने, आन, टाके घालून टाकू, लेकराले झोप आली हाये.

मी म्हनलं, थांबा आत्याबाई. अन् गोधडी मांडीवर पसरून, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, बोटानं दाबत दाबत पाहाले लागली, आत काही राहिलं त नाही, सुई, पिन, कोनी काही ठेवलं त नाही. सासू सुई ओवून बसून राहिली. पोरगी तिच्या मांडीवर पेंगून राहिली होती, अन् मी अजून अर्धीच तपासली होती.